कॉलनीचा क्रीडा दिन: गाणी डीजेवर सोडायची की यादी आपण द्यायची?

थंडी पडली की नागपुरातल्या कॉलन्यांमध्ये क्रीडा दिनांची धामधूम सुरू होते. लिंबू-चमचा, पोत्याची शर्यत, काकूंची संगीत खुर्ची, संध्याकाळी अंडरआर्म क्रिकेट. मंडप आणि तर्री-पोह्यांवर समितीत एकमत होतं, गाण्यांवर मात्र गाडी अडते.

डीजेला मोकळं सोडलं तर डोक्याला ताप नाही. गर्दी थंडावली की काय लावायचं हे त्याला कळतं, आणि ती कला यादीत उतरत नाही. पण त्याचा लॅपटॉप हळदीचा आणि वरातीचाच असतो. मूळ गाणं साधं असलं तरी रिमिक्समध्ये मधेच शिवराळ संवाद घुसवलेले असतात. त्यात एखादा पोरगा जाऊन म्हणतो, “भाऊ, ते लावा नं,” आणि पहिलीतली मुलं दारूच्या ओळींवर नाचून राहतात.

यादी आपण द्यायची तर मेहनत आहे. स्पॉटिफायवर आक्षेपार्ह गाणी बंद करायची सोय आहे, पण ती गाणं देणाऱ्या कंपनीने लावलेल्या खुणेवर चालते. द्वयर्थी हिंदी-मराठी गाण्यांवर ती खूण बहुतेकदा नसतेच. म्हणून कानांनी ऐकूनच निवडावं लागतं. प्रेमगीतांवरही काट मारणारे काका प्रत्येक समितीत असतात. त्यांचं ऐकलं तर दुपारपर्यंत मैदान पेंगायला लागेल. माझी कसोटी सोपी आहे: तेच शब्द चालीशिवाय, सावकाश, माइकवर वाचून दाखवता येतात का? प्रेम या कसोटीत पास होतं. बाईच्या अंगाचं वर्णन, बंदुकीचा रुबाब आणि दारूचं कौतुक नापास होतं.

ढोल-ताशात शब्दच नाहीत, त्यामुळे तो प्रश्न मिटतो. पण ताशा सुरू असताना पुढच्या शर्यतीची घोषणा कोणाला ऐकू येणार? उद्घाटनाला आणि फायनलला ठेवावा, बस.

“मुलं रील्सवर हेच ऐकतात,” हा युक्तिवाद हमखास येतो. ऐकतात, खरं आहे. पण घरी फोन काढून घेता येतो, वरातीतून मूल उचलून नेता येतं. इथे छातीवर नंबर लावून ते आपल्या शर्यतीची वाट पाहत असतं, जाणार कुठे? जोशाचं म्हणाल, तर तो ठेक्यातून येतो. मिनिटाला 120 ते 140 ठोक्यांचं नुसतं वाद्यसंगीतही पाय हलवतं.

आवाजाचे नियम तिन्ही पर्यायांना सारखेच: निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 10 नंतर भोंगा बंद, दवाखाना किंवा शाळेपासून 100 मीटरच्या आत शासनाने जाहीर केलेलं शांतता क्षेत्र असू शकतं.

मुलं खेळणार असतील तर मी यादीच्या बाजूने. यादी करायला कोणाला वेळ नसेल, तर शर्यतींच्या वेळी फक्त वाद्यसंगीत लावायला सांगा. रात्रीचे सामने निव्वळ मोठ्यांचे असतील तर डीजे खुशाल मोकळा सोडा. आणि अट तोंडी नको. बयाणा देतानाच पावतीवर लिहून घ्या: मुलं मैदानावर असेपर्यंत यादीबाहेरचं गाणं नाही, फर्माईश समितीच्या एकाच माणसाकडून.