असोसिएशनची वर्गणी वसूल होते का? एका एमएसडब्ल्यूचा हिशोब

इंग्लंडात नव्याने उतरलेल्या एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात मास्टर्स केलेल्या, मंडळींचा एक मेसेज मला हमखास येतो. "ताई, ते ब्रिटिश असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्सची मेंबरशिप घ्यायची का? कंपल्सरी आहे का?" एकेकाला उत्तर देऊन अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. कंपल्सरी नाही. तरी घ्या. मात्र कशासाठी घ्यायची ते आधी कळू द्या, नाहीतर दर महिन्याला डायरेक्ट डेबिट गेलं की चुटपुट लागेल.

मी मूळची साताऱ्याची. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्थेतून एमएसडब्ल्यू केलं, तिथल्या एका धर्मादाय रुग्णालयात नोकरी केली आणि आता लेस्टरला हॉस्पिटल डिस्चार्जच्या टीममध्ये आहे. म्हणजे पेशंट बरा झाला, पण घरी एकटा राहील का, जिना चढेल का, सकाळच्या गोळ्या कोण देणार, हे सगळं बघून त्याला घरी पोचवायचं. वॉर्डला बेड रिकामा हवा असतो, मुलीला वाटत असतं आई अजून चार दिवस इथेच राहावी, आणि आईला स्वतःला काय हवंय हे विचारायचं काम माझं. लेस्टरात ते बऱ्याचदा मोडक्यातोडक्या गुजरातीत विचारावं लागतं.

आधी एक घोळ मिटवू. परवाना देते ती सोशल वर्क इंग्लंड. डिसेंबर २०१९ पासून इंग्लंडची नोंदणी तिच्याकडे आहे. वेल्स, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडच्या संस्था वेगळ्या. आपली भारतातली डिग्री तपासून घ्यायची, दरवर्षी नोंदणी ताजी करायची, ते सगळं तिथे. १ एप्रिल २००५ पासून इंग्लंडात नोंदणी नसेल तर स्वतःला सोशल वर्कर म्हणवून घ्यायला कायद्याने मनाई आहे. असोसिएशनचा याच्याशी संबंध नाही. ती सोशल वर्करांनी स्वतःच्या वर्गणीवर चालवलेली संघटना. ती परवाना देत नाही आणि काढूनही घेत नाही. उलट कुणी तो काढून घ्यायला निघालंच, तर ती तुमच्या बाजूच्या खुर्चीत बसते. माझ्या हिशोबाने निम्मी वर्गणी या एकाच गोष्टीसाठी आहे.

ती खुर्ची काय करते ते सांगते. आधीच्या एका नोकरीत, कुठे ते सोडा, आमच्या टीममधून माणसं भराभर सोडून गेली आणि त्यांच्या केसेस सिस्टीमवर एकेक करून माझ्या नावावर येऊन बसल्या. ज्यांना मी बघितलंही नव्हतं अशा लोकांची जबाबदारी कागदावर माझी. मॅनेजरना तोंडी सांगितलं की "बघू या" असं गोड उत्तर मिळायचं. शेवटी असोसिएशनच्या सल्ला विभागाला फोन लावला. पलीकडचा माणूस स्वतः सोशल वर्कर होता आणि त्याने सांत्वन वगैरे काही केलं नाही. सरळ विचारलं, "लेखी काय आहे?" काहीच नव्हतं. मग त्याने मेल कसा लिहायचा ते सांगितलं. प्रत्येक केसचा नंबर, त्यात आज काय राहिलंय, त्यामुळे त्या माणसाला काय धोका आहे, आणि मला काय हवंय. आठवड्याला किती तास जास्त बसते हे लिहायचं, थकले हे नाही. खाली असोसिएशनच्या आचारसंहितेतल्या कलमाचा उल्लेख. "राग आलाय हे लिहू नकोस," तो म्हणाला, "तारखा लिही." तो मेल गेल्यावर केसेस वाटून दिल्या गेल्या. सगळ्या नाही, पण रात्री झोप लागेल इतक्या.

आपल्याकडे अशा वेळी आपण काय करतो? कॅन्टीनमध्ये चहा पीत साहेबांना शिव्या घालतो. त्यानेही बरं वाटतं, मी नाही म्हणत नाही.

आता मार्चबद्दल. मार्चमधल्या तिसऱ्या मंगळवारी जागतिक समाजकार्य दिन असतो, आणि इथे तो महिनाभर पुरवतात. सोशल वर्करांचं आंतरराष्ट्रीय फेडरेशन दरवर्षी एक घोषवाक्य देतं. २०२१ चं होतं उबुंटू, म्हणजे 'आपण आहोत म्हणून मी आहे' हा आफ्रिकी विचार, २०२५ चं पिढ्यापिढ्यांमधल्या एकजुटीबद्दल. ऑफिसांमध्ये कपकेक येतात, वरून कुणीतरी "यू आर अवर हीरोज" असा मेल पाठवतं, आणि दुपारी दोन वाजता त्याच हीरोंना विचारलं जातं की कालचं असेसमेंट अजून का सबमिट झालं नाही. त्यामुळे असोसिएशनही या महिन्यात कौतुकसोहळा करते म्हटल्यावर मी जरा अंग चोरूनच होते. शाल-श्रीफळ आणि सत्कारमूर्ती पुण्यात पोटभर पाहून झालेत.

पण यांचं कौतुक वेगळ्या जातीचं निघालं. 'अमेझिंग सोशल वर्कर्स' अशी त्यांची मोहीम असते आणि तीत सहकारी एकमेकांबद्दल लिहितात. नाव भपकेबाज आहे, मान्य. मात्र वाचायला घेतलं की कामाचं बारीक वर्णन सापडतं. कुणी बोलणं सोडलेल्या म्हाताऱ्याकडे आठवडेच्या आठवडे नुसतं जाऊन बसलं, कुणी घरमालकाशी भांडून कुटुंबाची गरम पाण्याची सोय केली. फाइलमध्ये या गोष्टींना रकाना नसतो.

आणि स्थानिक शाखेची ती बैठक. चर्चचा हॉल, स्टीलच्या मोठ्या पिंपातला पाणचट चहा, घड्या घालता येणाऱ्या खुर्च्या. एरवी अशा ठिकाणी मी शेवटच्या रांगेत बसून लवकर सटकते. त्या दिवशी माझ्या शेजारी एक निवृत्त बाई बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, तरुणपणी हॉस्पिटलात सोशल वर्कर असलेल्या. त्या नोकरीला लागल्या तेव्हा ऑफिसच्या दारावर अजून 'अल्मोनर' अशी पाटी होती, हॉस्पिटलातल्या सोशल वर्करचं ते जुनं नाव. पहिली अल्मोनर मेरी स्टुअर्ट, १८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात नेमलेली. तिचं मुख्य काम काय? फुकट उपचार मागायला येणाऱ्यांत खरा गरीब कोण आणि कुणाला थोडंफार परवडतं, ते ठरवायचं.

मी कपाळावर हात मारला. पुण्यात मी हेच तर करत होते! महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम ४१ एए, आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लावून दिलेली योजना. बिलं हातात घेतलेल्या नातेवाइकांना काउंटरवाले सांगतात, "एमएसडब्ल्यू मॅडमना भेटा." मग रेशन कार्ड पिवळं का केशरी, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आहे का, नसला तर कधी आणणार. तहसील कचेरी दोन तालुके पलीकडे आणि ऑपरेशन उद्या सकाळी. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि कागद नसले तर कशावरून ठरवायचीस?" म्हटलं, मी बोलून ठरवायचे, पण अकाउंट्सवाले नातेवाइकांच्या हातातला मोबाइल बघायचे. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे बूट बघायचे."

त्या एका वाक्याने माझी त्या वर्षीची वर्गणी वसूल झाली.

बाईंकडूनच संघटनेच्या जन्माची हकीकत ऐकली, मग नंतर वाचलीही. १९७० मध्ये सात वेगवेगळ्या संघटनांनी आपापलं दुकान बंद करून ही एक काढली. हॉस्पिटलवाल्यांची, बालकल्याण अधिकाऱ्यांची, मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्यांच्या दोन, कुटुंबांसोबत काम करणाऱ्यांची, एक सर्वसाधारण, आणि 'मॉरल वेल्फेअर' वाल्यांची, म्हणजे मुख्यतः अविवाहित मातांमध्ये काम करणाऱ्या, बहुतांशी चर्चशी जोडलेल्या बायकांची. प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे शिक्षा झालेल्यांवर बाहेर देखरेख ठेवणारे, चर्चेत होते, पण ऐन वेळी बाहेर राहिले आणि आजही त्यांची चूल वेगळीच आहे. दोन वर्षं आधी सीबोम समितीने सगळ्या सामाजिक सेवा एका विभागाखाली आणा असा अहवाल दिला होता, १९७० मध्ये तसा कायदाही झाला; काम एक होत असताना कामगार सात ठिकाणी कशाला, असा तो हिशोब. एका मंडळाची दोन आणि दोनाची चार करण्यात हातखंडा असलेल्या आपल्यासारख्यांनी सात गटांनी एकत्र यायचं म्हणजे काय, याची कल्पना करून बघावी. कोषाध्यक्ष कुणाचा, इथपासून सुरुवात.

वर्गणीवर जगण्याचाही एक फायदा आहे. इथे सरकारी पाठबळाने उभं राहिलेलं कॉलेज ऑफ सोशल वर्क नावाचं प्रकरण होतं, शिकवणारं कॉलेज नव्हे, व्यावसायिकांची संस्था; पैसा आटला आणि २०१५ मध्ये ते बंद झालं. असोसिएशन अजून उभी आहे, कारण तिचा दाणापाणी मंत्रालयातून येत नाही. त्यामुळे ती सरकारला चार शब्द सुनावूही शकते. लहान मुलांसोबत काम करणाऱ्यांचा ८० टक्के वेळ कॉम्प्युटरसमोर आणि २० टक्के मुलांसोबत जातो, तो उलटा करा, अशी त्यांनी मोहीम चालवली. उलटा झाला का? माझ्या टेबलावरून तरी दिसत नाही. पण निदान कुणी आकडा तोंडावर फेकला.

भारतातल्या वाचकांनी विचारू नये म्हणून सांगते: आपल्याकडे दोराबजी टाटांच्या नावाची संस्था १९३६ ची, जिची पुढे टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, झाली, मुंबईच्या जे.जे.त १९४६ मध्ये वैद्यकीय समाजकार्य सुरू झालं. शिक्षणात आपण मागे नव्हतो. व्यावसायिकांची नॅपस्वी ही राष्ट्रीय संघटना २००५ पासून आहे. पण सगळ्या सोशल वर्करांना लागू होईल अशी वैधानिक परिषद नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातल्या सोशल वर्करांचं नाव आलंय, तेवढी एक खिडकी उघडली आहे. शाळेत, बालगृहात, पुनर्वसनात काम करणारे बाहेरच.

परत मेंबरशिपकडे. २०२० मध्ये कोविडच्या धामधुमीत यांनी एक सोय सुरू केली, अनुभवी सोशल वर्कर स्वयंसेवक म्हणून दुसऱ्या सोशल वर्करशी बोलतात. मॅनेजर नाही, समुपदेशक नाही, आपल्याच धंद्यातलं परकं माणूस. पहिल्या वर्षी नव्या देशात ज्यांना घरी फोन करून सांगता येत नाही की आज वॉर्डमध्ये उच्चारावरून सगळे हसले, त्यांनी ही जरूर वापरावी. सोशल वर्क इंग्लंडला दरवर्षी स्वतःच्या शिकण्याच्या दोन नोंदी द्याव्या लागतात, त्यातली एक तरी दुसऱ्या व्यावसायिकाशी चर्चा करून. तेही काम अशा गप्पांतून, शाखेच्या बैठकांतून परस्पर होऊन जातं.

जे मला फारसं उपयोगी पडत नाही तेही सांगते. ब्रिटिश जर्नल ऑफ सोशल वर्क, १९७१ पासून निघणारं, भारदस्त आहे. शिफ्ट संपवून घरी आलेल्या माणसाने ते उघडावं अशी अपेक्षा क्रूर आहे. पीएचडीवाल्यांना मात्र सोनं. मासिक चाळायला बरं, विशेषतः मागच्या पानांवरची पत्रं. वेबिनार भरपूर, पण मेंटल कपॅसिटी कायद्याच्या (माणूस स्वतःचे निर्णय घेऊ शकतो का, ते ठरवणाऱ्या) निकालांवरचे सोडले तर मी बहुतेक टाळते. आणि मार्चमध्ये ईमेलचा जो पाऊस पडतो त्यासाठी वेगळा फोल्डर करून ठेवा.

पाचपैकी चार तारे. पाचवा मी त्या ८०-२० चं गणित उलटं झालं की देईन.

नव्यांसाठी व्यवहाराचं: आधी सोशल वर्क इंग्लंडची नोंदणी, तिथे पैसे आणि धीर दोन्ही लागतात. नोकरी लागली की असोसिएशन. विद्यार्थी, नवखे आणि जुने यांचे दर वेगळे असतात, तेव्हा आपला कोणता ते बघूनच फॉर्म भरा. वर्गणीवर इन्कम टॅक्समध्ये सवलत मागता येते, ती बरेच जण मागतच नाहीत. भांडण सुरू झाल्यावर मेंबर व्हायला धावू नका. घराला आग लागल्यावर विमा काढण्याचाच तो प्रकार. आणि मार्चमध्ये शाखेची बैठक असेल तर जा, वयस्कर माणसांच्या शेजारची खुर्ची पकडा आणि घरून काहीतरी खायला न्या. मी चकल्या नेल्या होत्या, पिंपातल्या चहाचा तेवढाच उद्धार झाला.