दाबले, पण दिवा लागला नाही : बिनतारी झिगबी बटणाचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पलंगाच्या कडेला चिकटवलेले एक छोटे झिगबी बटण (झिगबी म्हणजे घरातल्या स्मार्ट उपकरणांना जोडणारे, कमी वीज खाणारे बिनतारी जाळे) मी गेले काही महिने रोज वापरत आहे. एकदा दाबले की खोलीतला दिवा लागावा किंवा विझावा, दोनदा दाबले की घरातले सगळे दिवे मालवावेत आणि दाबून धरले की पंखा सुरू व्हावा, अशी त्याची योजना आहे. पहिले काही आठवडे ते बिनतक्रार चालले. नंतर मात्र लहरी झाले. कधी पहिल्याच दाबाला दिवा लागे, कधी पुन्हा पुन्हा दाबूनही काही होत नसे, आणि रात्री रुसलेले बटण सकाळी कोणी हात न लावता ठणठणीत असे. वस्तू पुरती बंद पडली तर ती बदलून मोकळे होता येते. अधूनमधून चालणारी वस्तू मात्र धड टाकवतही नाही आणि तिच्यावर विसंबताही येत नाही.

अशा वेळी बहुतेक जण आधी सेल बदलतात आणि मग पुन्हा पेअरिंग करतात, म्हणजे बटण जाळ्याशी नव्याने जोडतात. मला वाटते, त्याआधी एकच गोष्ट तपासावी : दाब हबपर्यंत, म्हणजे सगळी उपकरणे सांभाळणाऱ्या मध्यवर्ती यंत्रापर्यंत, पोहोचला की नाही? माझ्याकडे होम असिस्टंट हे घरातली उपकरणे चालवणारे सॉफ्टवेअर असल्यामुळे त्याचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, उघडा ठेवून बटण दाबत राहणे सोपे होते. दाबल्यावर बटणावरचा बारीक दिवा लुकलुकतो, पण त्यावरून काहीच ठरवता येत नाही, कारण संदेश पोहोचला नाही तेव्हाही तो तसाच लुकलुकत होता. लॉगमध्ये दिसले ते असे की फसलेल्या बहुतेक दाबांची नोंदच नव्हती, पण काही दाबांची नोंद व्यवस्थित असूनही दिवा लागला नव्हता. म्हणजे एकाच तक्रारीआड दोन निरनिराळे दोष होते, आणि ते वेगळे केले नसते तर एकाचा उपाय दुसऱ्यावर करत बसण्याची वेळ आली असती.

त्यातला दुसरा दोष किरकोळ निघाला. दिवा हळूहळू मंद करून विझवणारे ऑटोमेशन 'सिंगल' मोडमध्ये होते. होम असिस्टंटमध्ये मूळचा मोड तोच असतो, आणि त्यात आधीची क्रिया पूर्ण होईपर्यंत आलेला नवा दाब सरळ सोडून दिला जातो. मोड बदलून 'रीस्टार्ट' केल्यावर ती तक्रार संपली.

नोंदच न होणाऱ्या दाबांमध्ये पहिला संशय सेलवर जातो, आणि तो अगदीच अनाठायी नसतो. या बटणात सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल आहे. त्याचे व्होल्टेज आयुष्याचा बराच काळ जवळपास सारखे राहते आणि शेवटी झपाट्याने उतरते, त्यामुळे व्होल्टेजवरून काढलेली अ‍ॅपमधली टक्केवारी फारशी भरवशाची नसते. शिवाय सेल जुना होतो किंवा थंडी पडते तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो. नुसत्या मल्टिमीटरने मोजले तर आकडा ठीक दिसतो, पण संदेश पाठवताना क्षणभर जास्त विद्युतप्रवाह लागला की व्होल्टेज खाली बसते आणि आतली चिप अर्ध्यातच गप्प होते. एक बारीक बाब येथेच सांगतो : मुलांनी सेल तोंडात घालू नये म्हणून काही सेलांवर कडू लेप दिलेला असतो, आणि काही उपकरणांत तो लेप नेमका संपर्काच्या जागी आडवा येतो. नवा सेल घालूनही बटण मृतवत वाटले तर असा लेप नसलेला सीआर२०३२ सेल घालून पाहावा. माझ्या बाबतीत सेल बदलल्याने थोडा फरक पडला, पण रात्रीचे रुसणे गेले नाही.

खरे कारण बटणाच्या झोपेत होते. सेल दीर्घकाळ पुरावा म्हणून असे बटण जवळजवळ सगळा वेळ झोपलेले असते. दाबल्यावर जागे होते, संदेश पाठवते आणि पुन्हा झोपते. तो संदेश ते थेट हबलाच देते असे नाही. झिगबीच्या जाळ्यात प्रत्येक झोपाळू उपकरणाचे एक 'पालक' उपकरण ठरलेले असते. तो मान हबकडे तरी असतो किंवा कायम विजेवर चालणाऱ्या आणि दुसऱ्यांचे संदेश पुढे पोहोचवणाऱ्या एखाद्या बल्बकडे वा प्लगकडे. जाळ्याचा नकाशा उघडल्यावर दिसले की माझ्या बटणाचा पालक म्हणजे शेजारच्या टेबल-लॅम्पमधला स्मार्ट बल्ब. त्या लॅम्पला स्वतःचा खटका आहे, आणि घरातले कोणी ना कोणी झोपण्यापूर्वी सवयीने तो बंद करत असे. बल्बची वीज गेली की बटणाचा पालकच नाहीसा होई, आणि सकाळी कोणी लॅम्प लावला की तो परत येई.

पालक हरवल्यावर काही बटणे लगेच दुसरा शोधतात, तर काही तासन् तास जुन्यालाच हाका मारत राहतात. माझे बटण दुसऱ्या जातीचे आहे, आणि उत्पादनाच्या माहितीत याचा चकार शब्दही नाही, ही माझी त्याच्याविषयीची सर्वांत मोठी तक्रार आहे. उपाय म्हणून त्याच खोलीत कायम चालू राहील असा एक स्मार्ट प्लग बसवला आणि नवीन उपकरणे फक्त त्याच प्लगमार्फत जोडली जातील असा पर्याय निवडून बटणाचे पेअरिंग पुन्हा केले. हबजवळ बसून पेअरिंग करावे आणि मग बटण जागेवर नेऊन लावावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण अशा हट्टी बटणाच्या बाबतीत त्याने हबच पालक ठरतो आणि पुढे अंतर वाढल्यावर दुखणे परत येते. जेथे वापरायचे तेथेच पेअरिंग करावे, हे बरे. त्या दिवसापासून रात्रीचे रुसणे थांबले.

तरीही दिवसा एखादा दाब वाया जात होता. झिगबी आणि वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वावरतात. झिगबीला तेथे ११ ते २६ असे १६ चॅनेल मिळतात, पण वायफायचे १, ६ आणि ११ हे नेहमीचे चॅनेल त्यांतले बहुतेक झाकून टाकतात. चॅनेल २५ आणि २६ वरच्या टोकाला असल्यामुळे त्यातून बरेचसे सुटतात. मात्र २६ वर काही उपकरणे नीट चालत नाहीत, म्हणून मी २५ निवडला. चॅनेल बदलल्याची वार्ता झोपलेल्या उपकरणांपर्यंत पोहोचेलच असे नसते, त्यामुळे काही सेन्सर पुन्हा जोडावे लागले. हे काम सुटीच्या दिवशीच काढावे.

त्याहून स्वस्त आणि तितकाच गुणकारी ठरलेला उपाय म्हणजे एक साधी यूएसबी एक्स्टेन्शन केबल. हबचे काम करणारा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रेडिओ, संगणकाच्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये थेट खोचलेला होता. यूएसबी ३.० च्या संदेशवहनातून २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास विद्युत गोंगाट बाहेर पडतो, आणि त्याचा बिनतारी उपकरणांना होणारा त्रास इंटेलने २०१२ मध्येच प्रसिद्ध केलेल्या एका टिपणात मांडला आहे. डोंगल केबलने बाजूला नेऊन यूएसबी २.० पोर्टला जोडल्यावर नकाशातले संकेताचे आकडे डोळ्यांदेखत सुधारले. खरे तर प्रत्येक डोंगलसोबत अशी केबल खोक्यातच यायला हवी.

एक उणीव मात्र जशीच्या तशी आहे. एकदा दाबल्यावर हे बटण दुसरा दाब येतो का, याची क्षणभर वाट पाहते आणि मगच संदेश पाठवते. सवय नसलेला पाहुणा त्या विरामात पुन्हा दाबतो आणि सगळ्या घरात अंधार करतो. हा विराम बंद करण्याची सोय या बटणात नाही. शिवाय ते फक्त 'दाबले गेलो' एवढेच कळवते. दिव्यांना थेट चालू-बंदची आज्ञा देत नाही. थेट आज्ञा देणारी बटणे बल्बांशी बाइंड करता येतात, म्हणजे हबला मध्ये न घेता थेट जोडता येतात, आणि मग हब बंद असला तरी दिवा लागतो. दुसरे बटण घेताना मी ही सोय आधी पाहीन. हे बटण सध्या पलंगाजवळच आहे, आणि भिंतीवरचा नेहमीचा स्विच मी काढलेला नाही.