चपटा छर्रा की गोल छर्रा?
बालेवाडीच्या क्रीडासंकुलात १० मीटर एअर पिस्तूल शिकणाऱ्यांनी ४.५ मिलिमीटरचा, चपट्या तोंडाचा छर्राच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण तो कागदी लक्ष्यावर पंचने पाडल्यासारखे स्वच्छ भोक पाडतो आणि भोकाची कड जास्त गुणांच्या वर्तुळाच्या रेषेला नुसती टेकली तरी तो जास्तीचा गुण मिळत असल्याने हा काठ मोलाचा ठरतो. गोल तोंडाच्या छर्र्याने कागद फाटतो, कडा आत दुमडतात आणि गुणांवरून वाद होतो. मात्र त्याला हवेचा विरोध कमी होत असल्याने २५ मीटरपलीकडे तोच सरस. छर्रे दोन्ही सहसा शिशाचेच, तेव्हा डबी हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापाव उचलू नये.