दुसऱ्यांदा पाहतानाही घाबरवणारे भयपट : आठ महिन्यांचा अनुभव

वर्षानुवर्षे भयपट पाहणाऱ्या माणसाला चित्रपटाची चाल आधीच कळू लागते. आरशाचे कपाट बंद होताना मागे कोणीतरी दिसणार, संगीत एकाएकी थांबले की क्षणभरात मोठा आवाज होणार, हे त्याला पाठ झालेले असते. मग तो भेटेल त्याला विचारू लागतो की खरोखर भीती वाटेल असे काही शिल्लक आहे का. माझीही अवस्था तीच झाली होती, म्हणून गेल्या आठ महिन्यांत मी ४१ भयपट ठरवून, एका पद्धतीने पाहिले. पहिल्यांदा रात्री, एकटीने, हेडफोन लावून आणि मध्ये न थांबता. दुसऱ्यांदा किमान तीन आठवड्यांनी, गोष्ट पूर्ण माहीत असताना. वहीत प्रत्येक चित्रपटाच्या दोनच नोंदी ठेवल्या : पाहताना मी कुठे कुठे दचकले, आणि आठवड्यानंतर त्यातले काय मनात उरले होते.

मराठीत दचकणे आणि घाबरणे हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि वही भरत गेली तसा हा फरक मला फार उपयोगी पडला. दचकणे ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया असून पुनरावृत्तीने ती बोथट होते. अलीकडच्या अनेक गाजलेल्या भयपटांच्या नावापुढे पहिल्या वेळी दहा-बारा खुणा होत्या, दुसऱ्या वेळी एक-दोन उरल्या, आणि आठवड्यानंतरचा रकाना दोन्ही वेळा कोरा राहिला. उलट ज्यांच्यापुढे दचकण्याची एकही खूण नव्हती अशा काही चित्रपटांनी मला पुढचे कित्येक दिवस अंधाऱ्या बोळातून जाताना मागे वळून पाहायला लावले. या दुसऱ्या प्रकारातलेच मी येथे सुचवत आहे. मुरलेल्या प्रेक्षकांनी यांतले काही पूर्वी पाहिलेही असतील. त्यांनी ते पुन्हा पाहावेत, असा माझा आग्रह आहे.

सर्वांत वरचे स्थान मी कियोशी कुरोसावा यांच्या ‘कैरो’ (२००१) या जपानी चित्रपटाला देते. इंटरनेट घरोघरी पोहोचू लागल्याच्या काळातली ही गोष्ट आहे, आणि मृतांच्या जगातली जागा संपल्यामुळे ते त्या वाटेने आपल्या जगात झिरपत आहेत, अशी तिची कल्पना आहे. त्यातल्या एका प्रसंगात, लाल चिकटपट्टीने दार बंद केलेल्या खोलीत एक तरुण शिरतो. खोलीच्या टोकाला एक स्त्री उभी असते आणि ती त्याच्या दिशेने संथपणे चालू लागते. चालता चालता मध्येच तिचा गुडघा वाकतो, तोल जातो असे वाटते, ती विलक्षण हळू सावरते आणि पुन्हा चालू लागते. या प्रसंगात किंकाळीसारखा मोठा आवाज नाही, झटक्यात बदलणारा शॉट नाही; कॅमेरा आपल्याला नजर चोरायला जागा देत नाही, इतकेच. पहिल्या वेळी मी मनाशी म्हटले की ही धास्ती केवळ अनपेक्षितपणाची असावी. दुसऱ्या वेळी ती कुठे अडखळणार हे मला अचूक माहीत होते, आणि त्या पावलाची वाट पाहणे पहिल्यापेक्षा अवघड गेले. चित्रपटाचा उत्तरार्ध सैल आहे आणि काही संगणकीय दृश्ये आज जुनी वाटतात, हे मान्य करूनही माझे मत बदलत नाही. याचा २००६चा अमेरिकी रिमेक मात्र टाळावा, कारण मूळ चित्रपटातली शांतताच त्यात उरलेली नाही.

याच दिग्दर्शकाचा ‘क्युअर’ (१९९७) हा चित्रपट तर भुताशिवायच उभा आहे. परस्परांशी काहीही संबंध नसलेली साधी माणसे खून करतात, प्रत्येक मृतदेहावर फुलीची तीच जखम आढळते, आणि खुनी सापडतो तेव्हा आपण काय केले हे त्याला आठवत असते, पण का केले हे सांगता येत नाही. या सर्वांच्या आयुष्यातून स्मृती हरवलेला एक तरुण जाऊन आलेला असतो, जो समोरच्याला शांतपणे एकच प्रश्न विचारत राहतो : “तू कोण आहेस?” एक हत्या दुरून, एकाच स्थिर शॉटमध्ये, दैनंदिन कामाचाच एखादा भाग असावा अशा निर्विकारपणे घडते, ती पाहताना मी दचकले नाही, कारण काय घडले हे समजायलाच मला दोन क्षण लागले. तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या घरी त्याची आजारी पत्नी कपड्यांविना रिकामेच धुलाई यंत्र चालू ठेवते. त्या यंत्राची घरघर आठ महिन्यांतील सर्व किंकाळ्यांपेक्षा जास्त काळ माझ्या कानात राहिली आहे.

जपानी भयपटांविषयी बोलताना हिदेओ नाकाता यांचा ‘रिंगू’ (१९९८) वगळता येत नाही, जरी त्याची प्रतिमा इतक्या नकलांतून वापरली गेली आहे की नव्या प्रेक्षकाला ती ओळखीची वाटेल. त्यातल्या सादाको या भुताची ती विचित्र चाल अभिनेत्रीला उलटे चालवून आणि चित्रण पुन्हा उलटे दाखवून साधलेली आहे, म्हणूनच ती चाल असूनही चालीसारखी दिसत नाही. मी आधी त्याची डब केलेली प्रत पाहिली होती आणि तिच्यामुळे या चित्रपटावर माझ्याकडून अन्याय झाला होता, हे मोकळेपणाने सांगते. मूळ भाषेतला दबलेला, थकलेला स्वर डबिंगमध्ये हरवतो, आणि हा चित्रपट बराचसा त्या स्वरावर तोललेला आहे.

ब्लॅक अँड व्हाइट चित्रपट आता घाबरवू शकत नाहीत, असे मानणाऱ्यांनी जॅक क्लेटन यांचा ‘द इनोसन्ट्स’ (१९६१) एका रात्री शेवटपर्यंत पाहावा. हेन्री जेम्स यांच्या १८९८मधील लघुकादंबरीवर तो आधारलेला आहे : एकाकी वाड्यात दोन अनाथ मुले, त्यांना सांभाळायला आलेली शिक्षिका, आणि पूर्वी तिथे राहून गेलेली दोन मृत माणसे. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांनी रुंद चौकटीच्या कडा काळवंडाव्यात म्हणून हाताने रंगवलेले फिल्टर वापरले. परिणामी पडद्याच्या दोन्ही टोकांना कायम काहीतरी लपल्यासारखे वाटते आणि आपली नजर अभिनेत्रीला सोडून तिकडेच ओढली जाते. तरीही त्यातले सर्वांत भयंकर दृश्य लख्ख दिवसाउजेडी घडते. तळ्यापलीकडच्या लव्हाळ्यात काळ्या वस्त्रांतली एक स्त्री उभी असते. ती जवळ येत नाही, हातही उचलत नाही. भूत काही करणार या अपेक्षेने आपण सावध बसतो आणि ते नुसते असते, हे सहन होत नाही. दुसऱ्यांदा पाहताना मी भुतांकडे लक्ष न देता शिक्षिकेच्या भूमिकेतल्या डेबोरा कर यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले, आणि मला निराळाच चित्रपट दिसला, ज्यात त्या मुलांना खरा धोका कोणाकडून आहे याची खात्री देता येत नाही. एकाच चित्रपटात दोन भिन्न भीती असण्याचे इतके सुबक उदाहरण मला अन्यत्र मिळाले नाही.

रॉबर्ट वाइज यांचा ‘द हाँटिंग’ (१९६३) त्याच्या जोडीने पाहता येईल. त्यात भूत एकदाही दिसत नाही. भिंतीपलीकडचे धडाके आणि आतल्या बाजूला फुगत येणारे एक लाकडी दार एवढ्यावर काम भागते. संवाद थोडे जास्तच आहेत, पण ते दार पुरेसे आहे.

आता सत्यचित्रणाचा आभास निर्माण करणाऱ्या चित्रपटांकडे वळते, कारण या प्रकाराविषयी माझे मत आठ महिन्यांत पूर्ण पालटले. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) प्रथम पाहिला तेव्हा तो मला कंटाळवाणा वाटला होता. या वेळी हेडफोनवर, पूर्ण अंधारात पाहिल्यावर लक्षात आले की जंगलातले ते दूरचे आवाज आणि तीन दमलेल्या माणसांची भांडणे हाच त्याचा खरा ऐवज आहे. मुख्य चित्रण आठ दिवसांत झाले, कॅमेरे कलाकारांच्याच हातात होते आणि त्यांचे जेवण दिवसेंदिवस कमी केले जात होते. चिडचिड म्हणूनच खरी वाटते. सुरुवातीच्या मुलाखतींत येणारा एक साधा तपशील लक्षपूर्वक ऐकावा, कारण शेवटच्या चौकटीचा अर्थ त्यात दडलेला आहे.

जोएल अँडरसन यांचा ऑस्ट्रेलियन चित्रपट ‘लेक मंगो’ (२००८) याहून खोल जातो. सोळा वर्षांची मुलगी बुडून मरण पावते आणि तिचे कुटुंबीय माहितीपटाच्या संथ पद्धतीने तिच्याविषयी बोलत राहतात. छायाचित्रांत ती दिसू लागते, त्यांतल्या काहींचा उलगडा होतो, आपण निःश्वास सोडतो, आणि मग मोबाइलवर टिपलेले एक धूसर, दाणेदार चित्रण समोर येते. त्यात काय आहे हे मी सांगणार नाही. शेवटची नामावली सुरू झाली म्हणून पडदा बंद करू नये, इतके मात्र सांगते. हा चित्रपट पाहून झाल्यावर मला झोप लागली, पण सकाळी उठल्यावर फार उदास वाटले, आणि ती उदासी चार दिवस टिकली. ज्यांच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे त्यांनी तो सध्या पाहू नये. माझ्या शिफारशीवरून एका मैत्रिणीने तो तशाच काळात पाहिला आणि तिला त्याचा त्रास झाला. आधी विचारायला हवे होते, ही चूक माझी होती, आणि तेव्हापासून मी कोणालाही हा चित्रपट विचारल्याशिवाय सुचवत नाही.

‘द एक्सॉर्सिस्ट’ (१९७३) माहीत नसलेला भयपटप्रेमी विरळा. तरीही त्याच्या कीर्तीमुळे आपण तो नीट पाहत नाही, असे मला वाटते. सैतानाने झपाटलेल्या मुलीचे डोके फिरण्याची दृश्ये सगळ्यांना तोंडपाठ असतात. दुसऱ्या वेळी मला मात्र भयंकर वाटली ती रुग्णालयातली तपासणी, जिच्यात त्या लहान मुलीच्या मानेत सुई जाते आणि यंत्रे खडखडत राहतात. तिथे सैतान कुठेच नसतो. हताश डॉक्टर आणि असहाय आई असते. अखेरच्या प्रसंगांतली पात्रांच्या तोंडून निघणारी वाफ खरी आहे, कारण दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी शयनगृहाचा सेट प्रत्यक्ष गोठवला होता. ती थंडी पडद्यावरून जाणवते.

‘द टेक्सस चेन सॉ मॅसकर’ (१९७४) नावावरून रक्तबंबाळ वाटतो, पण पडद्यावर रक्त आश्चर्यकारक रीतीने कमी आहे; थकवा येतो तो उन्हाने, आवाजाने आणि एका न संपणाऱ्या जेवणाच्या प्रसंगाने. ‘द डिसेंट’ (२००५) या नील मार्शल यांच्या चित्रपटात गुहेतले प्राणी दिसण्यापूर्वीचा भाग मला अधिक भयावह वाटतो, विशेषतः अरुंद भेगेत अडकण्याचा प्रसंग. त्याची अमेरिकेत प्रदर्शित झालेली आवृत्ती शेवट कापून दाखवते. मूळ आवृत्तीच शोधावी.

जॉर्ज स्लॉयझर यांचा ‘स्पूरलोस’ (१९८८) भयपटांच्या यादीत सहसा नसतो. प्रवासात पेट्रोल पंपावर थांबलेली एक तरुणी नाहीशी होते आणि तिचा प्रियकर तीन वर्षे तिचा शोध घेत राहतो. तिला नेणारा माणूस चित्रपट लवकरच आपल्याला दाखवून टाकतो : बायको-मुलींवर प्रेम करणारा, हिशेबी, सौम्य शिक्षक. रहस्य उरत नाही, उरते ते कुतूहल, आणि त्या कुतूहलाची जी किंमत नायक मोजतो ती पाहिल्यावर मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही. दिग्दर्शकाने स्वतःच १९९३मध्ये त्याचा अमेरिकी रिमेक केला आणि शेवट बदलला, त्यामुळे कोणती आवृत्ती हाती आली आहे हे आधी तपासून घ्यावे.

पाहण्याच्या पद्धतीविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण माझ्या नोंदींनुसार अर्धा परिणाम तिच्यावर अवलंबून असतो. ॲरी ॲस्टर यांच्या ‘हेरेडिटरी’मध्ये (२०१८) एका अंधाऱ्या खोलीच्या वरच्या कोपऱ्यात एक आकृती बराच वेळ असते, कोणताही आवाज तिच्याकडे बोट दाखवत नाही आणि डोळे अंधाराला सरावल्यावरच ती उमगते. पहिल्या वेळी खोलीत दिवा चालू होता आणि मला ती दिसलीच नाही. दुसऱ्या वेळी दिसली, तेव्हा ती केव्हापासून तिथे आहे हे आठवू लागल्याने पुढचा संवाद माझ्या कानावरच पडला नाही. म्हणून खोलीतले सर्व दिवे घालवावेत. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, कारण तिच्यामुळे चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. ती अनेक संचांत आधीपासूनच चालू असते. लहान-मोठे आवाज एका पातळीवर आणणारा ‘नाइट मोड’ही नको, कारण कुजबुज आणि स्फोट सारख्याच तीव्रतेने ऐकू आले की शांततेला काही अर्थ उरत नाही. इंटरनेटचा वेग कमी असेल तर काळ्या रंगाचे चौकोनी ठोकळे दिसतात, आणि वर उल्लेखलेल्या बहुतेक चित्रपटांची भीती नेमकी त्या काळ्या भागातच असते; शक्य असेल तिथे डिस्क किंवा आधी उतरवून घेतलेली चांगली प्रत वापरावी. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

आठवड्याला एकापेक्षा जास्त चित्रपट पाहू नयेत, असेही मी सुचवेन. तिसऱ्या महिन्यात मी सलग चार रात्री चार चित्रपट पाहिले आणि चौथ्याची एकही नोंद करण्यासारखी उरली नाही. मन बधिर झाले होते, दोष चित्रपटाचा नव्हता. प्रारंभ ‘द इनोसन्ट्स’ने करावा, म्हणजे चौकटीच्या कडांकडे पाहण्याची सवय लागते, त्यानंतर ‘क्युअर’, मग ‘कैरो’. ‘लेक मंगो’ सर्वांत शेवटी ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठण्याचे काही काम नसेल अशी रात्र त्यासाठी निवडावी.