लिब्रेऑफिस कॅल्क : मराठी याद्या करणाऱ्यांसाठी, दोन वर्षं रोज वापरून

लिब्रेऑफिसमधल्या कॅल्क या फुकट मिळणाऱ्या स्प्रेडशीटवर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण शाळेच्या कामात आता दोन वर्षं रोज तेच उघडतोय आणि ओळखीच्या ज्या ज्या शिक्षकांना, क्लार्क मंडळींना सांगितलं त्या सगळ्यांनी पहिला प्रश्न एकच विचारला, फुकट आहे तर मराठी नीट दिसतं का हो. दिसतं, छान दिसतं. पण मला ते आवडायचं कारण वेगळंच आहे, ते फाईल उघडायच्या आधी आपल्याला विचारतं.

म्हणजे काय ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये विद्यार्थ्यांची यादी सीएसव्ही फाईलमध्ये (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) घेतली आणि तेव्हा शाळेच्या कॉम्प्युटरवर जे स्प्रेडशीट होतं त्यात डबल क्लिक करून उघडली. नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याच्यापुढे कसलीतरी चिन्हं, तीन-तीनचे पुंजके नुसते, आणि सरल या शाळांच्या सरकारी पोर्टलचा मुलाचा १९ अंकी आयडी होता तिथे दोन पूर्णांक काहीतरी, मग ई, मग अधिक १८. मी कॉलम रुंद केला, फॉरमॅट बदलून नंबर केला, सगळे आकडे दिसायला लागले, बरं वाटलं, सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की प्रत्येक आयडीचे शेवटचे चार आकडे शून्य झालेत. तीनशेच्या वर मुलं आणि सगळ्यांचे चार-चार शून्य, पोटात गोळाच आला.

यात दोन वेगवेगळे प्रकार होते हे मला नंतर कळलं आणि हा फरक कुणी आधी समजावला असता तर माझे दोन दिवस वाचले असते. नावं बिघडलेली दिसत होती पण मूळ फाईलमध्ये ती धड होती. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, सॉफ्टवेअरने तो प्रत्येक बाइट वेगळं अक्षर समजून वाचला म्हणून ते तीन-तीनचे पुंजके. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची यूटीएफ-८ सारखी पद्धत, बरोबर सांगितलं की नावं परत येतात. आयडीचं तसं नाही. स्प्रेडशीट आकडा म्हणून साधारण पहिले १५ अंकच अचूक धरून ठेवतं, पुढचे जातात ते जातातच, नंतर फॉरमॅट टेक्स्ट करा नाहीतर अजून काही करा, ते सेलमध्ये नसतातच तर येणार कुठून. कॅल्कमध्येसुद्धा १९ अंकी आयडी आकडा म्हणून घेतलात तर हेच होणार. फक्त कॅल्क तुम्हाला ती चूक करायच्या आधी थांबवतं.

सीएसव्ही उघडली की टेक्स्ट इम्पोर्ट नावाची खिडकी येते. बरेचजण तिथे न बघता ओके मारतात, मारू नका. वर कॅरेक्टर सेट असतो, तिथे यूटीएफ-८ निवडायचं, खाली लगेच नमुना दिसतो, नावं वाचता आली की समजायचं बरोबर आहे. मग त्याच नमुन्यात आयडीच्या कॉलमच्या डोक्यावर क्लिक करून कॉलम टाइप टेक्स्ट करायचा. आधारचे १२ अंक, बँक खात्याचा शून्याने सुरू होणारा नंबर, जनरल रजिस्टर नंबर, ज्याची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नाही ते सगळं टेक्स्ट. खात्याच्या नंबरातलं पुढचं शून्य गेलं तर शिष्यवृत्तीचे पैसे अडकतात, हे ज्यांनी पालकांना समजावलंय त्यांना विचारा.

जन्मतारखेचा कॉलम तिथेच तारीख करायचा आणि क्रम दिवस-महिना-वर्ष निवडायचा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. मशीनची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर १३/०६/२०१४ ला १३ वा महिना सापडत नाही म्हणून ती तारीख टेक्स्ट राहून सेलच्या डावीकडे चिकटते, पण ०५/०६/२०१४ मात्र गुपचूप ६ मे होते. म्हणजे जी डावीकडे आहे ती निदान दिसते तरी, जी उजवीकडे ऐटीत बसलीये तीच चुकलेली. माझी सवय अशी की तारखांच्या कॉलमला असा फॉरमॅट द्यायचा की महिन्याचं नाव दिसेल, आणि पाच-दहा मुलांच्या तारखा रजिस्टरशी ताडून बघायच्या.

यावर कॅल्कमध्ये एक सोय आहे, तिच्याविषयी फार कमी लोक बोलतात. व्ह्यू मेनूत व्हॅल्यू हायलाइटिंग, किंवा कंट्रोल आणि एफ८. दाबलं की टेक्स्ट काळं दिसतं, आकडे निळे, सूत्रं हिरवी. बास, सेलमध्ये खरं काय आहे ते कळतं. पोषण आहाराच्या तांदळाची महिन्याची बेरीज कमी येत होती, सूत्र तीनदा तपासलं, बरोबर होतं, कंट्रोल एफ८ दाबलं तर मधल्या सहा दिवसांचे आकडे काळे! म्हणजे आकड्यासारखे दिसणारे शब्द, आणि सम (SUM) हे बेरजेचं सूत्र त्यांना मोजतच नाही. ते सेल निवडून फॉरमॅट टेक्स्टवरून नंबर करायचा (नुसतं तेवढ्याने होत नाही, हेच लोकांना कळत नाही), मग डेटा मेनूतून टेक्स्ट टू कॉलम्स, ओके, झाले निळे.

दिसण्याच्या तक्रारींचं म्हणाल तर त्या बहुतेक किरकोळ आहेत. नुसते हॅश-हॅश दिसले तर कॉलम अरुंद आहे, दोन कॉलममधल्या रेघेवर डबल क्लिक, संपलं. मजकूर अर्धाच दिसतोय आणि सेलच्या कडेला लाल त्रिकोण आहे म्हणजे शेजारचा सेल भरलेला आहे, मजकूर कुठे गेलेला नाही. पूर्ण पत्ता एका सेलमध्ये हवा असेल तर फॉरमॅट सेल्समधल्या अलाइनमेंटमध्ये रॅप टेक्स्ट. वेलांट्या आणि खालचे उकार कापले जात असतील तर ओळीची उंची कुणीतरी हाताने बांधून ठेवलेली असते, ओळी निवडून ऑप्टिमल हाइट दिली की मोकळ्या होतात.

फॉन्टचं मात्र समजून घ्या. कॅल्क इंग्रजीचा फॉन्ट वेगळा ठेवतं आणि देवनागरीचा वेगळा, साइजसुद्धा वेगळा. टूल्स-ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट अशी टिक असते, ती केली की फॉरमॅट सेल्समध्ये देवनागरीसाठी स्वतंत्र जागा दिसते, तिथे मी मुक्ता लावतो, नोटो सान्स देवनागरीही चांगला. पण फाईल दुसरीकडे पाठवायची असेल आणि तिथे तो फॉन्ट नसेल तर ओळींच्या उंच्या हलणार, म्हणून नुसती बघायला द्यायची असेल तर पीडीएफच द्यावी.

जुन्या कृतिदेव, श्रीलिपीतल्या याद्या मात्र फॉन्ट बदलून सुधारत नाहीत. त्या सेलमध्ये मराठी नसतंच, इंग्रजी कीबोर्डची अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा चेहरा देतो. कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्यावं लागतं आणि नंतर जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घालावीच लागतात.

आणि एक खास आपल्या मराठीचा घोळ, यावर माझी एक अख्खी रविवारची दुपार गेली. दोन याद्या जुळवत होतो, गावाच्या नावावरून, आणि कऱ्हाड जुळेचना. दोन्हीकडे कऱ्हाड, स्पेलिंग तेच, मागेपुढे स्पेस नाही. शेवटी लेन (LEN, सेलमधली चिन्हं मोजणारं सूत्र) लावून बघितलं तर एकीकडे ६ आणि दुसरीकडे ७! एकाने अर्ध्या र साठी नुक्त्याचा ऱ वापरलेला, दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, युनिकोडमध्ये नंबर ८२०५. दिसायला डिट्टो सारखं, आतून वेगळं. सबस्टिट्यूट (SUBSTITUTE) या बदली करणाऱ्या सूत्रात र, हलन्त आणि युनिकार(८२०५), म्हणजे UNICHAR(8205), शोधून त्याच्या जागी ऱ आणि हलन्त घातलं की दोन्ही याद्या एक होतात. नुसता जोडक काढून टाकू नका, अर्धा र ह वर रफार होऊन बसतो. गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे अशी आडनावं असलेल्या मुलांचे रेकॉर्ड दोनदा दिसतात किंवा सापडतच नाहीत, तिथे आधी हे तपासा.

लाख-कोटींचे स्वल्पविराम हवे असतील तर फॉरमॅट कोडमध्ये #,##,##० एवढं पुरतं (कीबोर्डवर शून्य इंग्रजीच टाकायचं).

कमी काय वाटलं? दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी लिहिलेले जुने मॅक्रो (ठरलेली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) जसेच्या तसे चालतील असं धरून चालू नये, ज्यांचं ऑफिस मॅक्रोवर उभं आहे त्यांनी आधी तपासावं. सीएसव्हीत सेव्ह करताना 'जसं दिसतं तसं सेव्ह करा' अशी टिक आधीपासून लावलेली असते, म्हणजे दोनच दशांश दिसत असतील तर दोनच जातात, पूर्ण हवे असतील तर काढून टाका.

विंडोज, लिनक्स, मॅक सगळ्यावर चालतं, लायसन्सचा एक रुपया नाही. नवीन घेणाऱ्यांनी मुलांची खरी यादी लगेच उघडू नये, मूळ सीएसव्हीची एक कॉपी बाजूला ठेवावी आणि मग त्या इम्पोर्टच्या खिडकीपाशी दोन मिनिटं बसावं. आमच्या शाळेत मूळ फाईल आता वेगळ्या फोल्डरमध्ये रीड-ओन्ली करून ठेवतो, त्या जूननंतर एकाही मुलाचा आयडी परत टाइप करायची वेळ आलेली नाही.