फायनान्स इंटर्नशिपसाठी रेझ्युमे तपासून घ्यावा का? गंगापूर रोडवरील एका सेवेचा अनुभव

नाशिकच्या गंगापूर रोडवर वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचे रेझ्युमे तपासून देणारे एक छोटे केंद्र आहे. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षात असलेल्या माझ्या भाचीने फायनान्समधील इंटर्नशिपसाठी अर्ज करण्यापूर्वी तेथे आपला रेझ्युमे तपासून घेतला. मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या लेखा विभागात काम करते आणि उन्हाळी प्रशिक्षणासाठी आलेले अर्ज दरवर्षी माझ्याकडे वाचायला येतात. त्यामुळे केंद्राने केलेले बदल मला मावशी म्हणून जसे पाहता आले, तसेच अर्ज वाचणारी म्हणूनही. शुल्क १,५०० रुपये आहे, आणि त्यात समोरासमोरची एक दीर्घ बैठक व दुरुस्त मसुद्याची एक फेरतपासणी मिळते.

भाचीचा मूळ रेझ्युमे आपल्याकडील बहुतेक विद्यार्थ्यांचा असतो तसाच होता. दोन पाने, कोपऱ्यात फोटो, वडिलांचे नाव, जन्मतारीख, छंद, आणि शेवटी ‘वरील माहिती सत्य आहे’ असे सांगणारे प्रतिज्ञापत्र. हे सर्व पहिल्या काही मिनिटांतच काढून टाकण्यात आले आणि एका पानावर शिक्षण, काम, प्रकल्प व कौशल्ये एवढेच राहिले. एवढे काम कोणीही करून देईल. या केंद्राचे खरे मोल त्यानंतर तेथील मॅडमनी विचारलेल्या प्रश्नांत आहे.

भाचीच्या वडिलांची पिंपळगाव बसवंत येथे कांद्याची आडत आहे आणि सुट्टीत ती तेथील हिशोब सांभाळते. रेझ्युमेत मात्र याची एकच ओळ होती, ‘घरच्या व्यवसायात हिशोबाचे काम’, आणि तीही लाजत लिहिल्यासारखी अगदी शेवटी. मॅडमनी ती ओळ धरून ठेवली. लिलाव झाल्यावर तू नेमके काय करतेस, काट्यावरचे वजन आणि हिशोबपट्टीतले वजन जुळले नाही तर कोणाला विचारतेस, शेतकऱ्याचे पैसे लगेच द्यायचे आणि व्यापाऱ्याकडून यायचे मात्र थांबतात तेव्हा मधली रक्कम कोठून येते, असे त्या विचारत गेल्या. भाचीला या प्रत्येकाचे उत्तर ठाऊक होते. ते कागदावर येण्याजोगे आहे, एवढेच तिला कोणी सांगितले नव्हते. आता त्याच जागी दोन ओळी आहेत. दररोजच्या हिशोबपट्ट्यांचा वजनकाट्याच्या पावत्यांशी व बँक खात्याशी मेळ घातला, ही पहिली. व्यापाऱ्यांकडील येणे किती दिवसांपासून थकले आहे त्यानुसार एक्सेलमध्ये यादी करून वसुलीचा क्रम ठरवण्यास मदत केली, ही दुसरी. येणी, देणी आणि खेळते भांडवल हाताळलेली मुलगी मला अर्जांच्या गठ्ठ्यात दिसली, तर मी तिला नक्कीच मुलाखतीला बोलावीन.

दुसरा मोठा बदल प्रकल्पात झाला. भाचीने महाविद्यालयात सुला विनयार्ड्स या आपल्या नाशिकच्या, डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झालेल्या कंपनीच्या वार्षिक अहवालांवरून गुणोत्तरे काढली होती आणि ‘मालसाठा विकला जायला फार दिवस लागतात, ही कमजोरी आहे’ असा निष्कर्ष लिहिला होता. मॅडमनी तिला वाइनच्या द्राक्षांचा हंगाम कधी असतो, एवढेच विचारले. आपल्या भागात ही द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये खुडली जातात आणि ताळेबंद ३१ मार्चचा असतो, म्हणजे नव्या हंगामाची वाइन नुकतीच टाक्यांत भरलेली असताना साठा मोजला जातो, म्हणून तो मोठा दिसतो; शिवाय काही वाइन मुरण्यासाठी ठेवावीच लागते. शेअर बाजारातील कंपन्या सहामाही निकालांसोबत ३० सप्टेंबरचा ताळेबंदही प्रसिद्ध करतात, तेव्हा भाचीने दोन्ही तारखांच्या साठ्याची सरासरी घेऊन आकडेमोड पुन्हा केली आणि निष्कर्षात हंगामाचे कारण नोंदवले. रेझ्युमेवर ही एकच ओळ आहे, पण तिच्यावर मुलाखतीत दहा मिनिटे बोलता येते. माझ्या मते फायनान्सच्या अर्जात प्रत्येक ओळीला हीच कसोटी लावली पाहिजे.

कौशल्यांच्या रकान्यातील एक्सेलपुढचे पाच तारे गेले आणि तिला प्रत्यक्ष वापरता येणारी पिव्होट टेबल व एक्सलुकअप ही नावे आली. ‘एनआयएसएम (शेअर बाजार व गुंतवणूक क्षेत्रातील कामांसाठी परीक्षा घेणारी राष्ट्रीय संस्था) प्रमाणित’ एवढ्या मोघम शब्दांऐवजी म्युच्युअल फंड वितरकांच्या परीक्षेचे पूर्ण नाव व उत्तीर्ण झाल्याचा महिना लिहिला गेला. हे योग्यच झाले, कारण या संस्थेच्या परीक्षा एकसारख्या नाहीत. वितरकांच्या परीक्षेत ५० टक्क्यांना उत्तीर्ण होता येते आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, तर रिसर्च अ‍ॅनालिस्टच्या परीक्षेला ६० टक्के लागतात व चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. प्रमाणपत्राची मुदतही ३ वर्षांची असते, त्यामुळे तारीख वाचणाऱ्याला हवीच असते.

आता तक्रारी. बैठक मॅडमनी घेतली, पण दुरुस्त मसुदा त्यांच्या सहायकाने तयार केला आणि त्यात भाचीने कधीही न केलेले ‘फायनान्शियल मॉडेलिंग’ कौशल्य म्हणून आले. आम्ही ते काढून घेतले. मात्र घाईत असलेला विद्यार्थी ते तसेच पाठवील आणि पहिल्याच प्रश्नाला अडकेल. हाच मसुदा दोन स्तंभांच्या आकर्षक साच्यात होता. त्यातील मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून पाहिला, तर आडतीच्या कामाचे वाक्य एक्सेलच्या ओळीत मिसळले होते. मोठ्या कंपन्यांकडे अर्ज बऱ्याचदा आधी संगणक प्रणाली वाचते, तेव्हा हा दोष किरकोळ मानता येणार नाही. सांगितल्यावर केंद्राने तक्रार न करता साधा, एका स्तंभाचा रेझ्युमे करून दिला.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे सर्व अर्जांसाठी एकच रेझ्युमे दिला जातो. सनदी लेखापालाच्या कार्यालयात टॅली, जीएसटी आणि खात्यांचा मेळ घालण्याचे काम वर असायला हवे. ब्रोकरच्या संशोधन विभागासाठी सुलाचा प्रकल्प वर हवा. सी.ए. करणाऱ्यांची आर्टिकलशिप, म्हणजे त्या अभ्यासक्रमातील सक्तीचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, तर वेगळीच बाब आहे. १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत तिचा कालावधी ३ वर्षांवरून २ वर्षांवर आला असला, तरी ती काही महिन्यांची इंटर्नशिप नव्हे, आणि तेथे अर्ज करणाऱ्याने आपण कोणती पातळी कधी उत्तीर्ण केली हे सर्वांत आधी सांगायचे असते. केंद्राने त्याच शुल्कात निदान दोन आवृत्त्या द्याव्यात, अशी विनंती मी त्यांना लेखी केली आहे. तोवर तेथे जाणाऱ्यांनी मॅडमसोबतच्या बैठकीची वेळ आधी ठरवून घ्यावी, सोबत आपल्या कामाची वही, एक्सेलची फाइल आणि प्रकल्पाची प्रत न्यावी, आणि लिंक्डइन व अर्जपत्राचे वेगळे शुल्क आकारले जाणारे पॅकेज घेऊ नये. त्यात तयार साच्यांपलीकडे आम्हाला काही दिसले नाही.