स्ट्रोक प्ले की मॅच प्ले?

गोल्फमध्ये हारजीत ठरवायच्या या दोन पद्धती. स्ट्रोक प्लेचा हिशोब सरळ, अठरा होलचे सगळे फटके मोजा, ज्याचे कमी तो जिंकला. पण एका होलवर बॉल दोनदा पाण्यात गेला आणि ९ लागले की ते ९ शेवटपर्यंत कार्डावर ठाण मांडून बसतात. मॅच प्लेत तसं नाही, तिथे जास्त होल जिंकेल तो जिंकला; समोरच्याने ४ मारले आणि तुम्ही ९, तरी गेला एकच होल, पुढच्या टीवर (होलचा पहिला फटका मारायची जागा) नव्याने सुरू. कोणी ३ होल पुढे असेल आणि उरलेत २, की मॅच तिथेच संपली.

शिवाय मॅच प्लेत समोरच्याचा पट (होलाजवळून बॉल आत ढकलायचा फटका) 'दिला', म्हणजे गेलाच असं धरून, सोडता येतो, १९६९च्या अमेरिका-ब्रिटन रायडर कपात अमेरिकेच्या जॅक निकलसने ब्रिटनच्या टोनी जॅकलिनला शेवटच्या होलवर असाच छोटा पट दिला आणि कप १६-१६ बरोबरीत सुटला (निकलसच्याच टीममधले काहीजण नाराज झाले म्हणे!). स्ट्रोक प्लेत सहा इंचावरचा पटही होलात घालावाच लागतो.

टीव्हीवाल्यांना मात्र स्ट्रोक प्लेच परवडतं, मॅच प्लेत मोठं नाव पहिल्याच दिवशी घरी जाऊ शकतं ना. पीजीए चॅम्पियनशिप ही मोठी स्पर्धासुद्धा १९५८पासून स्ट्रोक प्लेच.

मित्रामित्रांत खेळायचं तर मी मॅच प्लेच म्हणेन, फक्त हँडिकॅपचे (कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीचे) फटके कोणाला कुठल्या होलला ते आधीच ठरवा, नाहीतर भांडण पक्कं.